‘होय’ आणि ‘नाही’ : संगणकाच्या वहीतील दोन खुणा

धंद्यात दिवसभर आपण ज्या शब्दांची देवघेव करतो, त्यांत ‘होय’ आणि ‘नाही’ या दोहोंइतका खर्च दुसऱ्या कोणत्याही शब्दाचा होत नसेल. माल उतरला काय? होय. वजन पुरे भरले काय? होय. पैसे पोहोचले काय? नाही. सारी पेढी या दोन शब्दांवर चालते. आज हे शब्द वहीतून निघून संगणकात गेले आहेत. टॅलीच्या पडद्यावर ‘यस’ की ‘नो’ असे विचारले जाते. जीएसटीच्या ई-इन्व्हॉइसमध्ये रिव्हर्स चार्ज लागू आहे किंवा कसे, हे इंग्रजी ‘वाय’ अथवा ‘एन’ या एकाच अक्षराने कळवावे लागते. परंतु हा ‘यस’ यंत्राच्या पोटात कोणत्या रूपाने राहतो, ते रूप कोणी ठरविले, आणि ठरविताना काय काय घोटाळे झाले, याचा विचार आपल्यापैकी फार थोड्यांनी केला असेल. यंदाच्या स्मरणिकेसाठी आम्ही मुद्दाम हाच विषय घेतला आहे.

आम्ही मॅट्रिकपर्यंत शिकलेले, धान्याच्या घाऊक व्यापारात आयुष्य घालविलेले. संगणकशास्त्राचे पंडित नव्हे. तथापि ज्या वस्तूवर आपला पैसा व आपली अब्रू अवलंबून आहे, ती समजून घेण्यास पांडित्य लागत नाही. धान्याची पारख करणारास शेतकीची पदवी कोठे असते?

खुणेची किंमत

एका उदाहरणाने आरंभ करू. १८ जुलै २०२२ पासून धान्यावरील जीएसटीची जी व्यवस्था आली, ती आपणां सर्वांस ठाऊक आहे. तोच तांदूळ, तीच गिरणी. पण २५ किलोंपर्यंतच्या पिशवीत आधीच बांधून लेबल लावलेला असेल तर त्यावर ५ टक्के कर, आणि सुटा असेल तर कर नाही. मालाच्या यादीत ‘लेबल लावलेली पिशवी आहे काय’ एवढाच एक खाना. त्यात होय की नाही, यावर साऱ्या बिलाचे भवितव्य ठरते. हा खाना उलटा वाचला गेला तर एक तर गिऱ्हाइकाकडून नाहक कर घेतला जाईल, नाही तर सरकारचा कर बुडेल. दोन्हींत उभे राहावे लागेल ते व्यापाऱ्यालाच.

खुणेचे हे मर्म आपल्या पूर्वजांस पुरते अवगत होते. सतराव्या शतकात याच सुरतेत वीरजी वोरा यांची पेढी होती, इंग्रजांची कंपनीदेखील त्यांच्याकडून कर्जाऊ रकमा घेत असे. त्यांचे आडत्ये आग्रा, बुऱ्हाणपूर अशा दूरदूरच्या शहरी असत. सुरतेहून निघालेला कागद तेथे पोहोचला म्हणजे वाचणाऱ्याला लिहिणाऱ्यास उलट विचारण्याची सोय नसे. कागदावर जे असेल तेच खरे. म्हणूनच हुंडीत रक्कम नुसती आकड्यांत लिहून भागत नसे. शंभर रुपयांच्या हुंडीत शंभराचा आकडा, अक्षरी रक्कम, आणि वर ‘ज्याचे निमे पन्नास, त्याचे दुप्पट’ अशा आशयाचा मजकूर घालीत. शून्य वाढविता येऊ नये, एक अक्षर पुसले तरी अर्थ फिरू नये, हा त्यातील हेतू.

याच्या उलट बाजूची गोष्टही आपल्या बाजारात पिढ्यान्पिढ्या सांगितली जाते. जुन्या बोडिया अक्षरांत काना-मात्रा गाळण्याची वहिवाट होती. ‘काकाजी अजमेर गया’ असे लिहिलेले पत्र घरी आले, आणि वाचणाऱ्याने ते ‘काकाजी आज मर गया’ असे वाचून घरात रडारड केली. गोष्ट विनोदाची असली तरी तीतील धडा गंभीर आहे. लिहिणाऱ्याने वाचविलेली एक मात्रा वाचणाऱ्याला किती महाग पडेल, याचा नेम नाही.

संगणकाशी बोलण्यासाठी माणसांनी ज्या भाषा रचिल्या, त्यांच्या कर्त्यांपुढे हाच प्रश्न होता. वाचणारा दूर आहे, तो प्रतिप्रश्न करीत नाही, आणि त्याला अक्षराबाहेरची अक्कल नाही. अशा वाचकासाठी खरे आणि खोटे या दोन गोष्टी कोणत्या खुणेने लिहावयाच्या?

बूल साहेबांचे गणित

या विषयाचे मूळ पुरुष जॉर्ज बूल. इंग्लंडात १८१५ साली एका चांभाराच्या पोटी जन्मलेल्या या गृहस्थांनी बहुतेक विद्या स्वतःच्या बळावर मिळविली. १८५४ साली त्यांनी विचारांच्या नियमांवर ग्रंथ प्रसिद्ध केला व तर्कशास्त्रास बीजगणिताचा पोशाख चढविला. त्यांच्या पद्धतीत १ म्हणजे सर्व काही आणि ० म्हणजे काहीच नाही. त्यांची पत्नी मेरी या, ज्यांचे नाव जगातील सर्वांत उंच शिखरास दिले गेले त्या भारताच्या सर्व्हेयर जनरल जॉर्ज एव्हरेस्ट यांच्या पुतणी. बूल साहेबांच्या नावावरूनच संगणकाच्या भाषांतील खरे-खोटे या जोडीस ‘बूलियन’ म्हणतात.

आता वाचक म्हणतील की एक आणि शून्य हे आकडे ठरलेलेच होते, मग वाद कसला? वाद असा की १ आणि ० हे आकडे हिशेबातही येतात. पोती १ आणि उत्तर १ हे दोन्ही एकाच खुणेने लिहिले, तर पाहणाऱ्याने काय समजावे? आपल्या रोजमेळात जमेची बाजू आणि नावेची बाजू वेगळी ठेवतात, ती उगाच नव्हे.

जुन्या भाषांनी काय केले

आय.बी.एम. कंपनीची फोर्ट्रान ही शास्त्रीय हिशेबांची भाषा १९५७ साली बाहेर आली. पुढे १९६० च्या दशकाच्या आरंभी तीत खऱ्या-खोट्याची सोय झाली, तेव्हा ‘ट्रू’ आणि ‘फॉल्स’ हे शब्द दोन्ही अंगांस टिंब देऊन लिहावेत असे ठरले. टिंबांचे कारण मनोरंजक आहे. त्या भाषेत कोणताही शब्द राखीव नव्हता. एखाद्याने आपल्या खात्याचे नावच ‘ट्रू’ ठेवले तरी भाषेची हरकत नसे. तेव्हा खात्याचे नाव कोणते व खरेपणाची खूण कोणती, हे ओळखण्यासाठी शब्दाला दोन बाजूंनी टिंबांचे कुंपण घातले. दिसावयास ओबडधोबड, पण चुकीला जागा नाही. आम्हांला यात हुंडी लिहिणाऱ्याचीच दृष्टी दिसते.

१९६० साली प्रसिद्ध झालेल्या अल्गोल भाषेच्या अहवालात हे दोन शब्द ठळक अक्षरांत छापले होते, म्हणजे कुंपण टिंबांऐवजी छपाईचे. लिस्प या भाषेत, जिचा आरंभ अमेरिकेतील जॉन मॅकार्थी यांनी १९५८ साली केला, खऱ्यासाठी नुसते ‘टी’ हे अक्षर, आणि खोट्यासाठी ‘निल’. परंतु ‘निल’ याचाच दुसरा अर्थ रिकामी यादी. म्हणजे ‘नाही’ हे उत्तर आणि रिकामी टोपली या दोहोंस एकच खूण. लिस्पच्या कुळातील पुढील भाषा स्कीम हिने हा गुंता सोडविण्यासाठी ‘टी’ व ‘एफ’ या अक्षरांमागे चौकटीचे चिन्ह लावून स्वतंत्र खुणा केल्या, व रिकाम्या यादीची खूण वेगळी ठेविली.

१९७० च्या दशकाच्या आरंभी बेल प्रयोगशाळेत डेनिस रिची यांनी ‘सी’ ही भाषा रचली. तीत खरे-खोटे यांना स्वतंत्र शब्दच नव्हते. शून्य म्हणजे खोटे, आणि शून्याखेरीज कोणताही आकडा म्हणजे खरे. आणि गंमत पाहावी, त्याच प्रयोगशाळेतील युनिक्स व्यवस्थेत एखादे काम यशस्वी झाले म्हणजे ते शून्य हा आकडा परत देते, फसले तर दुसरा आकडा देते. एकाच छपराखाली एकीकडे शून्य म्हणजे खोटे आणि दुसरीकडे शून्य म्हणजे सारे ठीक! युनिक्सची बाजू अगदीच निराधार नाही. काम यशस्वी होण्याचा प्रकार एक, फसण्याचे प्रकार अनेक. तेव्हा तक्रार नसेल तर शून्य, असेल तर तक्रारीचा क्रमांक. प्रत्येक घराची रीत आपापल्या जागी शहाणपणाची असते. दोन घरांत सोयरीक होते तेव्हा भानगड उभी राहते.

सी भाषेस हे दोन शब्द आपलेसे करावयास किती काळ लागला? १९९९ च्या प्रमाणात ते बाहेरून मागवून घेण्याच्या सोयीने आले, आणि २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या प्रमाणात ते भाषेचे स्वतःचे शब्द झाले. अर्धशतक!

एक आणि उणे एक

ही चर्चा पंडितांची, आपल्याला तीशी काय कर्तव्य, असे कोणी म्हणेल. त्यासाठी आमच्या पेढीतील एक हकीकत सांगतो.

बेसिक नावाच्या भाषेचे जे प्रकार पूर्वी घरोघरी व दुकानोदुकानी चालले, त्यांतील पुष्कळांत खरे याची किंमत १ नसून उणे १ असे. यामागे लहर नव्हती. यंत्राच्या एका आकड्याचे सोळा खण कल्पावे. सगळे खण शून्याने भरले म्हणजे खोटे. खोट्याच्या उलट खरे, म्हणून सगळे खण उलटवून एकने भरले. आणि सगळे खण एकने भरलेला आकडा यंत्राच्या अंकगणितात उणे १ असा वाचला जातो. तर्क निर्दोष आहे.

काही वर्षांपूर्वी आमच्या पेढीत जुना प्रोग्राम काढून नवा बसविण्यात आला. जुन्यात ‘पैसे पोहोचले’ या खान्यात होय म्हणजे उणे १, नव्यात होय म्हणजे १. ज्याने माहिती एकातून दुसऱ्यात आणली, त्याने आकडे जसेच्या तसे उतरविले. नवा प्रोग्राम १ शोधीत राहिला. जुन्या बिलांत त्याला १ कोठेच आढळला नाही. परिणामी ज्यांच्या रकमा केव्हाच जमा झाल्या होत्या, अशा गिऱ्हाइकांस ऐन दिवाळीच्या तोंडावर तगाद्याचे संदेश गेले. नवापूरकडील एक वृद्ध दुकानदार, ज्यांच्याशी आमचा दोन पिढ्यांचा व्यवहार, त्यांनी फोनवर एवढेच विचारले, “शेटजी, आमच्या पावत्या आता खोट्या ठरल्या काय?” आम्ही रोजमेळ काढून एकेक रक्कम ताडून पाहिली आणि जुन्या गिऱ्हाइकांकडे स्वतः पावत्यांच्या नकला घेऊन गेलो. पैशाची तूट एका रुपयाचीही नव्हती. जे उणे झाले ते निराळे होते, आणि ते कोणत्याही खान्यात लिहिता येत नाही.

पायथॉनचा निर्णय

या विषयावरील सर्वांत बोधप्रद प्रकरण पायथॉन या भाषेचे आहे. हॉलंडचे गिडो व्हॅन रॉसम यांनी ती १९९१ साली प्रसिद्ध केली. आज शाळा-कॉलेजांतील मुले हीच भाषा प्रथम शिकतात. आरंभी तीतही १ आणि ० यांवरच काम भागवीत. जो तो आपल्या प्रोग्रामात आपापल्या सोयीने खऱ्या-खोट्याची नावे ठेवी. २००२ साली गिडो यांनी लेखी प्रस्ताव मांडला की भाषेतच हे दोन शब्द ठरवून द्यावे. मग प्रश्न आला, पहिले अक्षर मोठे की लहान? सी++ आणि जावा या शेजारणींत लहान अक्षर होते. पण पायथॉनच्या स्वतःच्या घरात ‘नन’, म्हणजे ‘काही नाही’, हा शब्द मोठ्या अक्षराने लिहिला जाई. अखेर मोठे अक्षर ठरले, आणि त्याचे कारण प्रस्तावातच नमूद आहे : शेजाऱ्यांशी मेळ असण्यापेक्षा आपल्या घरात मेळ असणे अधिक महत्त्वाचे. आम्हांला हे वचन कोणत्याही पेढीच्या भिंतीवर लावण्याजोगे वाटते.

परंतु एक उणीव राहिली. जुने प्रोग्राम मोडू नयेत म्हणून हे शब्द आरंभी साध्या नावांसारखे ठेवले होते. म्हणजे एखादा मनुष्य ‘ट्रू’ या नावाला ‘फॉल्स’ची किंमत देऊ शकत असे, आणि यंत्र ते मुकाट्याने मान्य करी! २००८ साली आलेल्या तिसऱ्या आवृत्तीत हे दोन्ही शब्द राखीव झाले, तेव्हा हे दार बंद पडले. मापाचा शेर कोणालाही घासता येत असेल, तर तो शेर कसला? वजनमापांवर सरकारी शिक्का असतो, तसाच शिक्का या शब्दांवर असावयास हवा.

नॉर्वे देशाचे काय झाले

अति उदारपणाही धोक्याचा. ‘यॅमल’ नावाची एक लेखनपद्धती आहे. प्रोग्रामांच्या मांडणीच्या याद्या तीत लिहितात. तिच्या २००५ च्या आवृत्तीत खऱ्यासाठी ‘ट्रू’, ‘यस’, ‘ऑन’, आणि खोट्यासाठी ‘फॉल्स’, ‘नो’, ‘ऑफ’ असे अनेक शब्द चालत. हेतू चांगला, ज्याला जो शब्द सुचेल तो त्याने लिहावा. परंतु देशांची जी दोन अक्षरी चिन्हे जगभर चालतात, त्यांत नॉर्वे देशाचे चिन्ह ‘एन-ओ’ असे आहे. कोणी देशांची यादी लिहिली की यंत्र भारत वाचे, स्वीडन वाचे, आणि नॉर्वेच्या जागी ‘खोटे’ असे वाचून पुढे जाई! २००९ च्या आवृत्तीत हे जादा शब्द काढून टाकून ‘ट्रू’ व ‘फॉल्स’ एवढेच ठेवण्यास सांगितले गेले; तथापि जुनी रीत पाळणारे प्रोग्राम पुष्कळ उरल्याने हा घोटाळा ‘नॉर्वेचा प्रश्न’ या नावाने प्रसिद्ध झाला.

हे वाचून आमच्या मनात आपल्या भाषेचा विचार आला. समजा, उद्या कोणी मराठीत प्रोग्राम लिहिण्याची भाषा रचली, तर ही जोडी कोणती घ्यावी?

‘खरे-खोटे’ प्रथम सुचते. पण निरोप खरा, बातमी खरी, वजन खरे. हा शब्द लिंगाप्रमाणे रूप बदलतो, आणि यंत्राला रूपे तीन म्हणजे शब्द तीन. शिवाय ‘खरे’ हे महाराष्ट्रातील चांगले प्रतिष्ठित आडनाव आहे. गिऱ्हाइकांच्या यादीतील खरे कुटुंबाची नॉर्वेसारखी गत व्हावयाची! १९६२ पूर्वी छापलेल्या पुस्तकांत ‘खरें’ व ‘नाहीं’ यांवर अनुस्वार असे. त्या वर्षी शुद्धलेखनाच्या नव्या नियमांनी तो गेला. माणूस दोन्ही सारखेच वाचतो. यंत्राला ते निरनिराळे शब्द वाटतात. दोन्ही शब्द ‘ख’ने सुरू होत असल्याने आद्याक्षराने लिहिण्याचीही सोय नाही. आणि व्यापाऱ्याच्या दृष्टीने मुख्य हरकत अशी की ‘खोटे’ या शब्दाला आपल्याकडे बनावटपणाचा वास आहे. ‘पैसे पोहोचले : खोटे’ असे गिऱ्हाइकाच्या नावापुढे उमटले, तर ते हिशेब न वाटता आरोप वाटेल.

‘सत्य-असत्य’ ही जोडी रूप बदलत नाही, हा तिचा गुण. पण दोहोंत अंतर एका ‘अ’चे. तो टंकावयाचा राहिला की असत्याचे सत्य झाले. काकाजी अजमेरचीच कथा. गुजरातीतील ‘हा’ आणि ‘ना’ लिहावयास सुटसुटीत, परंतु फोनवर ऐकताना बाजाराच्या गलक्यात एकासारखे दुसरे वाटते. राहता राहिले ‘होय’ आणि ‘नाही’. अक्षरे वेगळी, उच्चार वेगळा, आरोपाचा वास नाही, आणि प्रश्नाला उत्तर म्हणून दोन्ही सरळ बसतात. आमचा कौल या जोडीला. मात्र फोर्ट्रानच्या टिंबांसारखे एखादे कुंपण त्यांस असावे, आणि ‘नाहीं’ हे जुने रूप मान्य की अमान्य हे आरंभीच जाहीर असावे. देवनागरीत मोठी-लहान अक्षरे नसल्याने पायथॉनकारांस पडलेला पेच आपल्याला पडणार नाही, एवढी कृपा आहेच.

सुरतेसारख्या शहरात आणखी एक गोष्ट लक्षात ठेविली पाहिजे. येथे मालक गुजराती बोलतो, मुनीम मारवाडी, उधना-लिंबायतकडील कामगार खानदेशी मराठी, आणि ट्रकवाला हिंदी. प्रत्येकाला त्याच्या भाषेत ‘होय’ दिसावे हे योग्यच. पण आत साठविलेली खूण एकच असावी. एक्सेल या प्रोग्रामात जर्मन माणसाला खरे-खोटे जर्मन शब्दांत दिसते, इंग्रजाला इंग्रजीत. फाईल एकाकडून दुसऱ्याकडे गेली तरी आतील किंमत तीच राहते. बाहेरचा अंगरखा ज्याचा त्याचा, आतील माप एक.

रिकामा खाना

येथवर दोन उत्तरांची कथा झाली. पण व्यापारात तिसरी एक अवस्था नेहमीची असते. गिऱ्हाइकाने चेक दिला आहे, बँकेतून वटल्याची बातमी नाही. पैसे पोहोचले काय? होय म्हणवत नाही, नाही म्हणवत नाही. खाना रिकामा राहतो.

माहितीच्या साठ्यांशी बोलण्यासाठी एस.क्यू.एल. नावाची जी भाषा सर्वत्र चालते, तीत रिकाम्या खान्यास ‘नल’ म्हणतात, आणि त्याची तुलना कशाशीही केली तरी उत्तर ‘खरे’ही नाही, ‘खोटे’ही नाही, ‘अज्ञात’ असे येते. तत्त्व प्रामाणिक आहे. पण परिणाम पाहा. ‘पैसे पोहोचले = होय’ अशी यादी मागितली तर ते बिल तीत येत नाही. ‘पैसे पोहोचले = होय नाही’ अशी मागितली तरी येत नाही! दोन याद्यांची बेरीज केली तर एकूण बिलांशी जुळत नाही, आणि मुनीम रात्रभर फरक शोधीत बसतो. रिकाम्यांची तिसरी यादी स्वतंत्र मागावी लागते, हे ज्याला ठाऊक नाही त्याची ती बिले कोणाच्याच डोळ्यांपुढे येत नाहीत.

तिसऱ्या अवस्थेचा विषय निघाला म्हणजे आपल्या परंपरेतील स्याद्वादाचे स्मरण होणे अपरिहार्य आहे. सप्तभंगीत ‘स्यात् अस्ति’ आणि ‘स्यात् नास्ति’ यांबरोबरच ‘स्यात् अवक्तव्य’ यासही स्वतंत्र स्थान आहे, व या तिहींच्या मेळातून एकूण सात भंग होतात. प्रशांतचंद्र महालनोबीस यांनी १९५४ साली संख्याशास्त्राच्या पायाविषयी लिहिताना स्याद्वादाचा विचार मांडला. १९५७ साली जे. बी. एस. हाल्डेन या शास्त्रज्ञांनी ‘संख्या’ या नियतकालिकात याच विषयावर लेख लिहिला. ज्या कलकत्त्याच्या संस्थेचे महालनोबीस संस्थापक, तेथेच १९५० च्या दशकाच्या मध्यास भारतातील पहिल्या डिजिटल संगणकांपैकी एक येऊन दाखल झाला होता, हा योगही लक्षात घेण्याजोगा आहे.

मात्र येथे उत्साहाच्या भरात अतिशयोक्ती करू नये. ‘स्यात्’ म्हणजे ‘कदाचित’ नव्हे, ‘एका अपेक्षेने’ असा त्याचा अर्थ. आणि ‘अवक्तव्य’ म्हणजे ‘मला माहीत नाही’ नव्हे. चेक वटल्याचे आपल्याला ठाऊक नसणे ही माहितीची उणीव आहे, वस्तूच्या स्वरूपाचे वर्णन नाही. एस.क्यू.एल.चा ‘नल’ आणि शास्त्रातील चौथा भंग एकच, असे म्हणणे दोघांवरही अन्याय होईल. परंतु एवढे खास की ज्याच्याविषयी होय वा नाही म्हणता येत नाही त्यालाही नाव असावे, त्याला जबरदस्तीने ‘नाही’च्या कोठारात ढकलू नये, ही दृष्टी आपल्याला परकी नाही.

व्यापाऱ्याने काय करावे

या साऱ्या इतिहासाचा इत्यर्थ आम्ही असा काढतो. खऱ्या-खोट्याची खूण चांगली ठरविली म्हणजे तीत तीन गुण असतात. ती दुसऱ्या कशासारखी दिसत नाही, ना आकड्यासारखी, ना आडनावासारखी, ना देशासारखी. ती कोणालाही बदलता येत नाही. आणि रिकामेपणाशी तिची गल्लत होत नाही. फोर्ट्रानने पहिला गुण साधला, पायथॉनने उशिरा का होईना दुसरा साधला, तिसऱ्यासाठी अजूनही प्रोग्रामकारास रोज जागे राहावे लागते.

आपण भाषा रचणारे नव्हे. पण प्रोग्राम विकत घेणारे व बदलणारे आहोत, आणि आपल्या मुलानातवंडांपैकी काही तो लिहिणारेही झाले आहेत. तेव्हा येत्या दिवाळीस चोपडा-पूजनाच्या वेळी संगणकावर कुंकवाचे बोट लावण्यापूर्वी आपल्या प्रोग्रामकाराकडून एका कागदावर तीन ओळी लिहवून घ्याव्यात : आमच्या प्रोग्रामात ‘होय’ कोणत्या खुणेने साठविले जाते, ‘नाही’ कोणत्या खुणेने, आणि खाना रिकामा असेल तर तो कोणत्या यादीत मोजला जातो. तो कागद हुंडीइतक्याच जपणुकीने तिजोरीत ठेवावा, आणि प्रोग्राम बदलण्याचा प्रसंग येईल तेव्हा नव्या माणसाच्या हाती तो सर्वांत आधी द्यावा.